माळशेजच्या वाटेने राळेगणला

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि एका शनिवारी पहाटे कल्याणच्या बाजारपेठेतील आठ जणांच्या मोटारसायकली मुरबाडच्या रस्त्याला लागल्या. सात जण पंचविशी-तिशीतले. आठवे एकोणपन्नास वर्षांचे, किराणा मालाचे घाऊक व्यापारी. पुतण्याच्या आग्रहास्तव जातो आहे, असे त्यांनी घरी सांगितले होते. खरे कारण त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले होते.

गटाचा नियम साधा होता. वाट ठाऊक असलेला सर्वांत पुढे, अनुभवी चालक सर्वांत मागे. मधल्यांनी एक उजवीकडून, एक डावीकडून असे चालावे, म्हणजे पुढच्याने अकस्मात ब्रेक लावला तरी मागच्याला जागा राहते. टोकावडे मागे पडल्यावर सह्याद्रीची भिंत समोर आली. पावसाळ्यात धबधब्यांखाली गर्दी होते तो माळशेज घाट आता शांत होता. काळ्या कातळावर पाण्याच्या ओल्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. वळणावर गाडी आवरायची ती वळणाआधी, वळणात शिरल्यावर नव्हे, हे पुतण्याने काकांना दोनदा बजावले. दुकानात काका पुतण्याला शिकवीत. येथे उलटे होते, आणि काकांना त्याचे वाईट वाटत नव्हते. घाटमाथ्यावर नवकारशी पाळून चहा झाला. एकाने आणलेले खाकरे तेथेच संपले.

पुढे ओतूर, आळेफाटा, बेल्हे. घाटमाथ्यावरचा पाऊस पूर्वेकडे किती झपाट्याने ओसरतो, हे मोटारीच्या काचेआडून समजत नाही. मोटारसायकलवर मात्र ते अंगाला कळते: ओला गारवा जातो, ओठ कोरडे पडतात, धुळीला वास येतो. आणे घाटात गुळुंचवाडीजवळ ओढ्याने खडक कोरून तयार केलेला नैसर्गिक पूल तरुणांनी उतरून पाहिला. काका रस्त्याकडेलाच थांबले. समोर कुसळी गवताचे माळ पसरले होते. टाकळी ढोकेश्वरहून पारनेरकडे वळताना त्यांनी गाडीचा वेग स्वतःहून कमी केला.

याच तालुक्यातील एका गावी त्यांच्या आजोबांचे दुकान होते. १९७२च्या दुष्काळानंतर ते बंद झाले आणि कुटुंब कल्याणला आले. ‘दुष्काळाने आणले’ एवढेच घरात सांगितले जाई. यंदा दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी माळ्यावरून आजोबांची एक खतावणी निघाली. मीठ, रॉकेल, बाजरी, काडेपेट्या. आणि त्यांच्यामध्ये, पुन्हा पुन्हा, काळा गूळ आणि नवसागर. मापे मोठी होती. किराणा व्यापारात वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. कल्हईला इतका नवसागर कोणत्याही गावात लागत नाही. ज्या घरात कंदमूळ चुलीवर चढत नव्हते, त्या घराचा प्रपंच गावोगावच्या दारूभट्ट्यांना माल पुरवून चालला होता.

राळेगणसिद्धी त्या काळी अशाच भट्ट्यांसाठी ओळखले जाई. गावात तीस-चाळीस भट्ट्या होत्या, असे सांगतात. पाऊस थोडा, जमीन उघडी. पिकत नव्हते म्हणून लोक दारू गाळत. सैन्यात वाहनचालक असलेले अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले (१९६५च्या युद्धात खेमकरणला त्यांच्या वाहनावर हल्ला झाला होता आणि ते त्यातून वाचले होते, गटातील तरुणांना अण्णांच्या साऱ्या चरित्रात हाच भाग विशेष वाटला) आणि यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार करून त्यांनी कामाला आरंभ केला. भट्ट्या बंद झाल्या. नाल्यांवर बांध पडले, उतारांवर चर खणले गेले, पाझर तलावात पाणी मुरू लागले. चराईला व वृक्षतोडीला बंदी आली. १९८० साली धान्य बँक निघाली: अडलेल्याने धान्य न्यावे आणि सुगीनंतर थोडे वाढवून परत करावे. सावकाराच्या दारात जाण्याची गरज त्यामुळे कमी झाली. व्यापाऱ्याने थांबून पाहावी अशी ही गोष्ट आहे, कारण गावातील दुकानदारांनीही पुढे विडी-तंबाखू विकणे सोडले.

मंदिराच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पुतण्याने सहज विचारले, “बाबा, तेव्हा दारूचं सामान यायचं कुठनं?”

“भट्टी लावणारा गावचा, पिणारा गावचा,” ते म्हणाले. “गूळ तेवढा बाहेरनं यायचा. दुकानदार चांगला होता बरं का. उधार द्यायचा.”

ते कोणत्या दुकानदाराविषयी बोलत होते, हे काकांनी विचारले नाही. पिशवीचा पट्टा त्यांनी खांद्यावर सारखा केला.

रात्रीचा मुक्काम अहिल्यानगरला होता. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचे म्हणून सुप्याजवळ सगळे थांबले. चौविहाराला अर्धा तास उरला होता. डब्यातल्या दशम्या तशाच ठेवून काकांनी खतावणी पुतण्यापुढे उघडली. त्याने दोन पाने वाचली, तिसऱ्यावर बोट थांबले.

“काका, हे आजोबांनी...”

“त्यांनी सहा माणसं जगवली यावर. तेही लक्षात ठेव.”

बराच वेळ गेल्यावर पुतण्या म्हणाला, “आणि आपल्याकडची तंबाखूची एजन्सी?”

ही एजन्सी काकांनी स्वतः, थोरल्या भावाचा विरोध पत्करून घेतली होती. माल कायदेशीर होता, उठाव रोजचा होता. दोन मुलींची शिक्षणे त्या खात्यातून झाली होती. हे सारे त्यांनी सांगितले असते, पण पुतण्याला ते ठाऊक होते.

“महिन्याचे किती सुटतात त्यात, नेमके?” त्यांनी विचारले.

पुतण्याने आकडा सांगितला. काकांनी खिशातून पेन्सिल काढली, दशमीच्या कागदावर तो मांडला आणि त्याखाली दुकानाचे भाडे, हमालांचे पगार, बँकेचा हप्ता असे एकेक लिहून वजाबाकी करू लागले. सूर्य खाली आला होता. कोणीतरी हाक मारली, “काका, आधी जेवून घ्या, वेळ होतेय.”