सात फुटांवरचा वाफा

“माती विकत आणली,” असं आबांना फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. आम्हाला वाटलं फोन कट झाला. मग आबा म्हणाले, “किती?”

“नऊ पिशव्या.”

“पिशव्या?” पुन्हा शांतता. “आरं, हितं चार एकर पडलीया, आन् तू पिशवीतनं माती आणतूस व्हय?”

आबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे. चार एकर तशी पडीक नाही, वाट्यानं दिलेली आहे. पण घरचा माणूस कसत नाही ती जमीन पडलेलीच, असा आबांचा हिशेब. आणि घरचा माणूस २०११ साली दोह्यात आला तो ‘दोन वर्षांसाठी’. ही दोन वर्षं कशी वाढत जातात, ते या अंकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावं!

इतकी वर्षं नजमाच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत एक तुळस आणि एक कढीपत्ता, एवढाच आमचा शेतसारा. गेल्या फेब्रुवारीत ऐन खालिदला एका व्हिलाचा मागचा भाग भाड्यानं मिळाला, आणि त्याबरोबर वीस बाय पंधरा फुटांचं अंगण. घरमालकांना भीतभीतच विचारलं. ते म्हणाले, काय हवं ते लावा, जाताना होतं तसं करून द्या. त्या वाक्यातलं ‘जाताना’ त्या दिवशी कानाआड केलं.

पहिल्याच शुक्रवारी पहार आणून अंगणात मारली. वीतभर वाळू, आणि खाली खण्णकन दगड. चुनखडीच ती. वरची वाळू चिमटीत घेऊन जिभेला लावली तर खारट. म्हणजे प्रश्न काय लावायचं हा नव्हताच. कशात लावायचं हा होता.

त्याच महिन्यात पाऊस झाला. झाला म्हणजे आपल्या भाषेत शिंतोडे. दोह्यात वर्षभरात सरासरी ७५ मिलिमीटरच्या आसपास पडतो, महाबळेश्वर त्याहून जास्त एका दिवसात देतं. पण त्या पावसानंतर शमाल रोडनं उत्तरेला गेलं की एक गंमत दिसते. सगळीकडे रखरखीत पांढरं माळरान, आणि मध्येच एखाद्या सखल जागी हिरवं गवत आणि चार-दोन झाडं. अशा जागेला इथं ‘रौदा’ म्हणतात. रौदत अल फरस, रौदत राशिद, रौदत अल हमामा: पाट्या वर्षानुवर्षं वाचत होतो, अर्थ विचारावासा कधी वाटला नाही. रौदा म्हणजे बाग, कुरण. माळावरचं पावसाचं पाणी वाहत या खोलगटात येतं, बरोबर बारीक गाळ आणतं आणि तिथंच बसतं. असं वर्षानुवर्षं साठून जी काय माती झाली ती या रौदांमध्ये. देशातली शेतं बहुतेक तिथंच आहेत, विहिरी आणि बोअरवर. आता त्यांचंही पाणी उपसून उपसून खारट होत चाललं आहे, तो वेगळा आणि मोठा विषय.

तिथं उभं असताना एका झाडाचा फोटो काढून आबांना पाठवला. इथं त्याला सिद्र म्हणतात, आपल्या बोरीचीच बहीण. आबांचं उत्तर लगेच आलं: “बोर हाय म्हंजे माती हाय. हितंच घे की चार गुंठं.” आता काय बोलणार!

परतताना अल मजरुआच्या यार्डात थांबलो. हिवाळ्यात इथल्या शेतांवरची भाजी तिथं विकायला येते, पेट्यांच्या पेट्या काकड्या, टोमॅटो, कोबी, वांगी. ५ जून २०१७ ला सौदीची सीमा बंद झाली, ती संध्याकाळ ज्यांनी पाहिली त्यांना ही वांगी वेगळी दिसतात. रमजान चालू होता. दुकानातल्या दुधाच्या फळ्या तासा-दोन तासांत रिकाम्या झाल्या आणि आम्हीही इतरांसारखेच गरज नसताना तांदळाची दोन पोती उचलली. थोड्याच दिवसांत तुर्कस्तानहून दूध-दही आलं, पुढं विमानातून गाईसुद्धा आल्या. उपाशी कोणी राहिलं नाही. पण या जमिनीला जमिनीवरून येणारा रस्ता एकच आहे, हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. तो रस्ता जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा उघडला.

असो. बेत असा ठरला की जमीन उकरायची नाही, वर बांधायची. आपल्याकडे गादीवाफा करतात तसा, पण चारी बाजूंनी भिंत घालून. हे आबांना सांगितलं आणि वादाला तोंड फुटलं.

“गादीवाफा पावसाळ्यात करत्यात रं. कांद्याचं रोप पाण्यात कुजू नये म्हणून. कोरड्या मुलखात वाफा खाली घ्यायचा असतो. आळं करतूस का डोंगर करतूस?”

सूनबाईंनी मध्यस्थी केली, “आबा, खाली दगड आहे आणि वर मीठ.”

“मंग कडा वर घे, माती खाली ऱ्हाऊ दे.”

शेवटी तेच केलं, आणि आमच्या मते संपूर्ण बागेत शहाणपणाचं काम तेवढंच. सोळा इंची भिंत, पण माती बाराच इंच. वर चार बोटं कड मोकळी. त्यामुळे पाणी बाहेर वाहत नाही, शमालचा वारा माती उडवून नेत नाही, आणि मीठ मात्र तळातून निघून जातं. दिसायला गादीवाफा, वागायला आळं. आबांचा मान राहिला, आमचाही.

भिंतीसाठी लाकूड पाहिलं होतं. माल उतरवायचे पॅलेट फुकटात मिळतात. फक्त त्यावरचा शिक्का बघून घ्यावा. ‘एचटी’ असेल तर नुसतं तापवलेलं लाकूड, ‘एमबी’ असेल तर विषारी धूर दिलेला, तो भाजीला नको. पण आम्ही शेवटी सिमेंटचे पोकळ ठोकळे घेतले, आठ इंची, चाळीस नग, एकावर एक दोन थर. सिमेंट लावलं नाही, नुसते रचले. ‘जाताना’चा विचार तोवर डोक्यात शिरला होता. बाहेरून पांढरा रंग दिला, म्हणजे ऊन कमी पितात.

वाफा आठ फूट लांब आणि चार फूट रुंद. चारच का, तर दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आत पाय ठेवला की भुसभुशीत माती गेलीच. आठ गुणिले चार गुणिले एक म्हणजे बत्तीस घनफूट, म्हणजे नऊशे लिटर! हा आकडा निघाला तेव्हा आम्ही दोघं कॅल्क्युलेटरकडे बघत बसलो. त्यात निम्मी ‘गोडी माती’, म्हणजे मीठ नसलेली. पन्नास लिटरच्या नऊ पिशव्या, ज्यावरून आबांची झोप उडाली. पावभाग खत. मेंढ्यांचं लेंडीखत इथं भरपूर मिळतं, पण ते जुनं, वास गेलेलं हवं. ताजं घातलं तर रोपं करपतात. हे धडे आबांनी फोनवर दिले, माणदेशी माणसाला लेंडीखत शिकवायला लागत नाही. उरलेला पावभाग नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट. त्याची पाच किलोची वीट पाण्यात टाकली की सत्तर लिटरच्या आसपास फुगते. तीन विटा पुरल्या. भुशातही मीठ असू शकतं, म्हणून दोनदा धुऊन घेतला.

पेरायचं कधी, याला इथं एक फार सुंदर उत्तर आहे. ऑगस्टच्या २४ तारखेच्या सुमारास पहाटे दक्षिणेला एक ठळक तारा उगवू लागतो. अरब त्याला सुहैल म्हणतात आणि उन्हाळ्याचा कणा मोडला असं मानतात. हा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. पावसाळा सरताना ज्याच्या उगवण्यानं पाणी निवळतं असं आपले लोक म्हणत आले, तोच. अगस्ती ऋषींनी एकदा समुद्र पिऊन टाकला म्हणतात. इथं आपण सगळेच रोज समुद्र पितो, फक्त कारखान्यात गोड करून. सुहैल दिसला म्हणून लगेच गारवा येत नाही हं. सप्टेंबरमध्ये टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी घरात ट्रेमध्ये टाकलं, एसीच्या कृपेनं उगवलं. मेथी-कोथिंबिरीला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलो. तेव्हा इथला ‘वस्म’ लागतो, पावसाची आशा धरायचा काळ, म्हणजे आपली चित्रा-स्वाती.

आणि इथं आमची फजिती झाली.

वाफा कुठं मांडायचा ते आम्ही ऑगस्टअखेरीस ठरवलं होतं. दक्षिणेच्या भिंतीपाशी, फूटभर जागा सोडून. भिंत सहा फुटी. भर दुपारी तिची सावली जेमतेम दीड फूट पडायची. आम्ही खूश, की थोडा आडोसाही मिळेल. डोक्यावरचा सूर्य हिवाळ्यात दक्षिणेला कलतो हे शाळेत शिकलो होतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर प्रत्येक पानाला किती ऊन मिळतं याचा हिशेब मांडायला लावायचे, हेही वाचलेलं. पण वाचलेलं वेळेवर आठवेल तर ते वाचलेलं कसलं! ऑक्टोबरच्या मध्याला, बी टाकलं त्याच दिवशी, सावली चार फुटांवर आली होती. नोव्हेंबरच्या मध्याला ती सहा फुटांच्या घरात गेली आणि भर दुपारी आख्खा वाफा अंधारात. मेथी लांबुडकी, पिवळट झाली. टोमॅटो नुसते उंच होत भिंतीपलीकडे डोकवायला लागले. आम्ही खत कमी पडलं म्हणून खत घालत होतो, पाणी जास्त झालं म्हणून पाणी तोडत होतो.

चूक पकडली ती सातवीतल्या मुलीनं. शाळेत कोन शिकवले होते. तिनं काठी उभी करून सावली मोजली आणि सांगितलं, डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य इथं फक्त एक्केचाळीस अंशांवर असतो, सहा फुटी भिंतीची सावली जवळजवळ सात फूट पडणार. “बाबा, आपण वाफा भिंतीच्या सावलीत बांधलाय,” एवढंच म्हणाली. हसली नाही, हे तिचे उपकार.

डिसेंबरातल्या एका शुक्रवार-शनिवारी आम्ही ठोकळे उतरवले, नऊशे लिटर माती बादल्यांनी बाहेर काढली आणि वाफा भिंतीपासून सात फुटांवर पुन्हा रचला. टोमॅटो मुळाच्या गड्ड्यासकट हलवले. पाचातले तीन जगले. उंच होणाऱ्या वेलांचा मांडव आता उत्तरेच्या कडेला आहे, म्हणजे त्याची सावली दुसऱ्या कोणावर पडत नाही. मेथी नव्यानं पेरली. पाच आठवड्यांनी पहिली जुडी निघाली. तिचा फोटो पाठवला, तर आबा म्हणाले, “दाट पेरलीस.” पण तो फोटो त्यांनी गावात चौघांना दाखवला, हे नंतर वहिनींकडून समजलं.

या महिनाअखेर कॉन्ट्रॅक्टचा निर्णय आहे. वाढलं तर वाढलं. नाही वाढलं तर घरातलं सामान विकायची पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे: सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन. वाफ्याचं काय करतात ते कोणाला विचारावं, कळत नाही. ठोकळे जातील. माती मात्र आता पिशवीत होती ती राहिलेली नाही. परवा खुरपताना तिच्यात एक गांडूळ दिसलं, ते आम्ही आणलेलं नव्हतं. लेंडीखतातून आलं असेल. आबांना हे अजून सांगितलेलं नाही. पिशवीतल्या मातीला आता ते काय म्हणतील, याची थोडी धास्ती आहे.

मेथी अजून पंधरा दिवस चालेल, मार्चच्या उन्हानं फुलावर येण्याआधी संपवायची आहे. शेपूही आहे. ऐन खालिदकडे येणं झालं तर जरूर या, फक्त फोन करून या आणि पिशवी आपली आणा. आमच्या सगळ्या पिशव्यांत सध्या माती आहे.