कुर्ल्याचें जहाज

कुर्ल्याचा आणि जहाजाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. येथून समुद्र दिसत नाहीं. दिसते ती मिठी नदी, आणि तिच्यांत होडी घालण्याची इच्छा हल्लीं कोणास व्हावी अशी तिची स्थिति नाहीं. तथापि ठाणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत एक नोंद आहे. इ. स. १८०८ मध्यें कुर्ला, मोहिली, मरोळ, सहार इत्यादि सात गांवें कंपनी सरकारनें होरमसजी बमनजी वाडिया ह्या पारशी व्यापाऱ्यास दिलीं आणि मोबदल्यांत मुंबईच्या किल्ल्यांतील अपोलो दरवाजाजवळची त्यांची जागा घेतली. हे वाडिया म्हणजे १७३६ सालीं सुरतेहून जहाजें बांधावयास मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजींच्या घराण्यांतले. तेव्हां कुर्ल्यास जहाज येणें म्हणजे धन्याच्या घरचें माणूस कुळाकडे पाहुणें येण्यासारखेंच होय.

आमच्याकडे तें आलें तें मात्र एका लांबट खोक्यांतून. आमच्या धाकट्या बंधूंनीं परदेशांतून पाठविलेला तो एक जोडणीचा संच होता. त्यांत प्लायवुडच्या कापलेल्या फासळ्या, एका विलायती लाकडाच्या व अक्रोडाच्या पट्ट्या, सुपारीएवढ्याहि नसलेल्या पितळी तोफा, शिडांचें कापड, दोऱ्याचीं रिळें आणि चादरीएवढे तीन नकाशे होते. जोडून होणारें जहाज तीन डोलकाठ्यांचें, फ्रिगेट जातीचें. पुस्तिका इटालियन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असून दोन्हींत सारखीच दुर्बोध होती.

आम्हीं तें खोकें नेहरूनगरांत आमच्या मामांकडे नेलें. मामा कुर्ल्याच्या विद्युतगाड्यांच्या कारशेडमध्यें तीस वर्षें तारकाम करून निवृत्त झालेले. हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरहून निघाली ती हार्बर मार्गानें कुर्ल्यासच आली, हें ते आपल्याच लग्नाच्या वरातीचें वर्णन करावें तशा अभिमानानें सांगतात. पंधराशें व्होल्टचा तो एकदिश प्रवाह हार्बर मार्गावर २०१६ पर्यंत टिकला. त्याच्याशीं मामांचें सारें आयुष्य गेलें. आतां त्यांस काचबिंदु झाला आहे. दृष्टि कडांकडून आंत आंत आकसत येते, नळींतून पाहावें तसें दिसूं लागतें, आणि जें गेलें तें औषधानें परत येत नाहीं. उरलेलें राखावें एवढेंच. हें आम्हांस मामींनीं स्वयंपाकघरांत, फोडणीच्या आवाजाआड सांगितलें. मामा स्वतः त्याविषयीं बोलत नाहींत.

रविवारीं सकाळीं काम चाले. प्रथम कणा, ज्यास आपल्या किनाऱ्यावरचे लोक पठाण म्हणतात, सरळ आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. तो केंसभर वांकडा असला तर पुढचें सारें जहाज वांकडें होतें, आणि ती वांक मागाहून कोणत्याहि रंगानें झांकत नाहीं. त्यावर फासळ्या काटकोनांत बसवावयाच्या. मग पट्ट्या ऊन पाण्यांत भिजवून, नाळेकडे वळवून, एकेक सरसानें चिकटवावयाची व बारीक खिळ्यांनीं धरून ठेवावयाची. ह्या पहिल्या आवरणावर अक्रोडाचें दुसरें पातळ आवरण चढतें. नाळेजवळ पट्टी निमुळती केली नाहीं तर तेथें पट्ट्यांची गर्दी होते, आणि पिछाडीस उलट त्या अपुऱ्या पडतात. हें पुस्तिकेंत एका ओळींत आहे. आमचे पांच रविवार त्यांत गेले. पट्टी बरोबर बसली कीं नाहीं हें मामा डोळ्यांनीं पाहत नसत. आंगठा फिरवीत आणि म्हणत, “इथं पायरी लागतेय. घास.”

ह्या कामांत असतांना वाडियांच्या जहाजांविषयीं कांहीं वाचावयाची आम्हांस गोडी लागली. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी ह्यांनीं मुंबईच्या गोदींत मलबारी सागाचीं जीं जहाजें बांधलीं त्यांपैकीं ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ सालीं नानकिंगचा तह होऊन हाँगकाँग इंग्रजांकडे गेलें. परंतु आमचें मन बसलें तें ‘ट्रिंकोमली’वर, कारण ती आमच्या खोक्यांतल्यासारखीच फ्रिगेट. तिचे नकाशे विलायतेहून ज्या ‘जाव्हा’ जहाजांतून निघाले तें १८१२ सालीं अमेरिकनांनीं लढाईंत घेऊन नष्ट केलें. नकाशे पुन्हां मागवावे लागले. १८१६ च्या मे महिन्यांत काम सुरू झालें तेव्हां जमशेटजींनीं पारशी रीतीप्रमाणें कोरीव रुप्याचा खिळा तिच्या पठाणांत ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली, आणि तेव्हांचीं विलायती ओकची किती जहाजें कुजून सरपणास गेलीं असतील, पण ती आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगते आहे. हें ऐकून मामींनीं आपल्या मोडक्या जोडव्याचा एक तुकडा आणून दिला. मामांनीं तो ठोकून तार केली व कण्याला भोंक पाडून आंत बसविली. पुस्तिकेंत हा विधि नाहीं.

डेक बसविण्याची वेळ आली त्या रविवारीं मामा म्हणाले, “दिवे घालायचे असतील तर आज सांग. एकदां डेक बसला कीं आंत हात जायचा नाहीं.”

आमचें मत दिव्यांविरुद्ध होतें, आणि बऱ्याच अंशीं अद्यापहि आहे. जोडलेल्या जहाजाच्या प्रत्येक तोफखिडकींतून पिवळा उजेड पाडून त्यास लग्नाच्या मांडवाची कळा आणणारे हौशी लोक आम्हीं पाहिले आहेत. खरें लढाऊ जहाज रात्रीं बहुतेक अंधारांत असे. लाकूड, डांबर, ताग आणि दारूगोळा ह्यांच्या संगतींत उघडी ज्योत म्हणजे मरणच. दारूच्या कोठारास उजेड द्यावयाचा तोहि शेजारच्या खोलींत कंदील ठेवून कांचेआडून. हें आम्हीं मामांस सविस्तर सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग दिवा असायचा कुठं तें सांग.” पिछाडीस एक मोठा कंदील असे, मागून येणाऱ्या जहाजांस वाट दिसावी म्हणून. कप्तानाच्या खोलींत दिवे असत. आणि सुकाणूपाशीं, होकायंत्राच्या पेटींत, एक लहानसा. “झालं तर,” मामा म्हणाले. कंदिलांत एक, खोलींत तीन, होकायंत्रापाशीं एक, असे पांच दिवे ठरले.

तांदळाच्या कण्यांएवढे ते एलईडी दिवे. त्यांची तांब्याची तार केंसासारखी, वर रोगणाचा लेप. तो खरवडल्याखेरीज जोड लागत नाहीं. मामांनीं हिशेब तोंडीं केला. नऊ व्होल्टची बॅटरी, पैकीं तीन दिवा खाणार, उरले सहा. प्रत्येक दिव्यास हजार ओहमचा रोधक, म्हणजे सहा मिलिअँपिअर. “एवढ्यानं डोळे दिपायचे नाहींत आणि दिवा जन्मभर टिकेल.” तारेचीं टोकें शोधणें, रोगण ब्लेडनें खरवडणें हें सारें त्यांच्या बोटांनीं केलें, कथील लावतांना लोखंड आम्हीं धरलें व जागा त्यांनीं नखानें दाखविली. हात कांपला नाहीं. पंधराशें व्होल्टजवळ वावरलेल्या माणसाचा तो हात होता. तारा आंतून पठाणाच्या कडेनें नेऊन बैठकीच्या लाकडांत उतरविल्या, आणि पांचहि दिवे तीन वेळां लावून पाहिल्यावरच डेक चिकटविला.

(प्रसंगानें सांगतों: वाडियांपैकींच अर्देशीर कर्सेटजी ह्यांनीं १८३४ सालीं माझगांवच्या आपल्या बंगल्यांत व बागेंत गॅसचे दिवे लावून मुंबईकरांस थक्क केलें होतें. जहाज बांधणाऱ्यांस दिव्यांचा नाद असावा असें दिसतें.)

नंतर काम दोरखंडांवर आलें, आणि येथें मामा मागें पडूं लागले. काळा दोरा, मागें लाकडाची सांवली. त्यांस एक दोर दिसे तों दुसरा हरवे. डोलकाठ्यांच्या दोन्ही बाजूंच्या दोरशिड्यांस पायरीपायरीला गांठ मारावी लागते, आणि अशा गांठी शेंकड्यांनीं असतात. तें काम बोटांनीं होत असे, परंतु सबंध जहाज एका नजरेंत त्यांस पुरतें कधींच दिसलें नाहीं.

म्हणून संध्याकाळीं खोलींतला दिवा मालवून ते जहाजाचे दिवे लावतात. अंधारांत दिवे तेवढे दिसतात. पहिल्या महिन्यांत बसल्या जागेवरून त्यांस पांचहि दिसत. गणपतीनंतर होकायंत्राचा दिवा शोधण्यास मान वळवावी लागूं लागली. दिवाळींत कंदील एकीकडे व खोलीचे दिवे दुसरीकडे, अशा दोन फेऱ्या झाल्या. ते मोजतात मोठ्यानें, आणि मामी स्वयंपाकघरांतून आंकडा ऐकतात. एकदां चारांवर थांबले, तेव्हां मामींनीं आंतूनच म्हटलें, “डावीकडे बघा जरा.” त्यांनीं मान वळविली. “पांच,” म्हणाले.

तिसऱ्या डोलकाठीच्या दोरशिड्या अजून व्हावयाच्या आहेत. मामींनीं दोऱ्यास मेण लावून रिळें तयार ठेवलीं आहेत, आणि ह्या वेळीं काळ्याऐवजीं पांढरा दोरा घ्यावा असें मामांनीं सुचविलें आहे. खऱ्या जहाजावर त्या दोरांस डांबर असे, पांढरा दोर तेथें शोभत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पांढऱ्या दोऱ्याचीं दोन रिळें आम्हीं काल स्टेशनाजवळच्या दुकानांतून आणलीं.