जुन्याशेजारी नवा

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सांभाळ थांबवला. आमच्या रासायनिक कारखान्यातला स्काडा सर्व्हर त्याच एक्सपीवर चालत होता. त्या वर्षी नवा सर्व्हर आला आणि तो बसवायचं काम माझ्या अंगावर पडलं.

चालता कारखाना बंद ठेवता येत नाही. म्हणून दोन्ही सर्व्हर शेजारी शेजारी ठेवले. आकडे दोघांनीही एकाच पीएलसीकडून घ्यायचे, पण हुकूम द्यायचा तो फक्त जुन्यानेच. नव्याने नुसतं पाहायचं. एका व्हॉल्व्हला दोन मालक झाले, तर अनर्थ ठरलेला!

आमचे बुजुर्ग ऑपरेटर चाचा निवृत्तीला आले होते. नव्या पडद्याकडे ते बघतही नसत. मी एकदा बोलून गेलो होतो, "चाचा, आता सगळं यातच आहे. कुणाला काही लक्षात ठेवायला नको." ते नुसते हसले होते.

तिसऱ्या रात्री आम्लाच्या टाकीची पातळी जुना ३ मीटर दाखवत होता, नवा २.५. चूक नव्याचीच असणार, असं मी धरून चाललो. कॅलिब्रेटरने १२ मिलिअँपिअर दिले. ४ ते २०च्या बरोबर मधला आकडा, म्हणजे निम्मी टाकी. टाकी ५ मीटरची. नवा बरोबर होता! कधीतरी ट्रान्समीटर बदलला गेला होता, जुन्या सर्व्हरमधली ० ते ६ ही पट्टी मात्र तशीच राहिली होती.

घाईघाईने चाचांना सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक आहे. तो जास्तच दाखवतो. म्हणून तर ४.८ला पंप बंद करतो."

जुन्या मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलेला होता : 'आम्ल ४.८ – पंप बंद.' जुन्याचे ४.८ म्हणजे खरे ४ मीटर. नव्याचे ४.८ म्हणजे खरोखरच ४.८; काठाला वीतभर अंतर. मी थेट नवा सुरू केला असता आणि पाळीवरच्या एखाद्या पोराने त्या कागदावर भरवसा ठेवला असता तर? अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन चाचांच्या शेजारी बसलो. "आणखी काय काय ठाऊक आहे, चाचा?" महिनाभर ते सांगत राहिले. वही भरली.

नवा सर्व्हर सुरू झाला त्या सकाळी त्यांनी जुना कागद स्वतःच्या हाताने काढला आणि नव्या मॉनिटरवर दुसरा चिकटवला. त्यावर ४ लिहिलं होतं.