कच्चा मसुदा आणि पक्का मुहूर्त

निवृत्त शिक्षकानें खेळाविषयीं तक्रार करावी, हें कित्येक वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु माझी तक्रार खेळाविरुद्ध नाहीं; तो खेळावयास मिळत नाहीं, याविरुद्ध आहे.

भांडुप व मुलुंड यांच्या मधल्या नाहूर येथें आमच्या घरांत आज तीन पिढ्या एकत्र नांदतात. दोन वर्षांपूर्वीं नातवंडांनीं एक नवाच खेळ घरांत आणला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर जण एकेक पात्र घेऊन आपण काय करणार तें बोलून ठरवितात. कार्य अवघड असेल तर वीस पैलूंचा फांसा टाकावयाचा, त्या दानांत पात्राच्या अंगच्या गुणाचा अंक मिळवावयाचा. बेरीज ठरलेल्या संख्येइतकी भरली तर कार्य साधलें. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, त्या कुळांतला हा प्रकार. आजी, सून आणि नातवंडें मोबाइल बाजूला ठेवून दोन तास एकमेकांशीं बोलत बसतात, हा लाभ मला लहान वाटत नाहीं.

पुढें कांहीं तरुणांनीं असाच एक खेळ मराठींत, सह्याद्रीच्या घाटवाटांवर बेतून, रचावयास घेतला. नियमांचा मसुदा चाचणीसाठीं सर्वांस खुला करूं, असें त्यांनीं सांगितलें. प्रथम गणेशोत्सव ठरला, मग दिवाळी, मग गुढीपाडवा. प्रत्येक वेळीं उत्तर एकच, कीं नियम अजून निर्दोष झाले नाहींत. आमची थोरली नात येत्या भाद्रपदांत शिक्षणासाठीं जर्मनीस जाणार आहे. ती गेल्यावर मसुदा आला, तर तो कोणाबरोबर खेळावयाचा?

या उशिरामागील भीति मला समजते. अर्धवट वस्तु लोकांपुढें ठेवली तर तिची अपकीर्ति होते, आणि तो शिक्का मागाहून सहसा पुसला जात नाहीं. शेंकडों सूचना आल्या तर त्या वाचणार कोण, हाही प्रश्न खराच. परंतु आपल्याच मंडळींत खेळून नियम निर्दोष होतात, ही समजूत मला मान्य नाहीं. जवळच्यांना रचणाराचा हेतु ठाऊक असतो. नियमांत राहिलेली फट ते नकळत आपल्या समजुतीनें बुजवितात. परक्याजवळ फक्त कागद असतो. तो जेथें अडखळतो तेथेंच दोष आहे, हें प्रश्नपत्रिका काढण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला वेगळें सांगावें लागत नाहीं.

पाणिनीचीं सूत्रें केवढीं काटेकोर! तरी कात्यायनानें त्यांवर वार्तिकें लिहिलीं, पतंजलीनें महाभाष्यांत दोघांचीही छाननी केली, आणि व्याकरणपरंपरेनें या तीन मुनींत नंतरच्याचें मत अधिक प्रमाण मानलें. त्यांची वाट पाहत पाणिनि आपलीं सूत्रें झांकून बसला नाहीं. खोखोचें उदाहरण तर घरचेंच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं त्याचे नियम बांधले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें १९३५ सालीं नियमांचें पुस्तक काढलें. मधल्या काळांत मुलें खेळत होतीं, म्हणूनच काय सुधारावयाचें तें कळलें. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पांचव्या आवृत्तीचाही अपुरा मसुदा मे २०१२ मध्यें लोकांच्या हातीं दिला गेला, तो वारंवार बदलला, आणि पुस्तकें २०१४ सालीं निघालीं. वेळ तेथेंही लागला. पण तो खेळणारांच्या टेबलांवर गेला, रचणारांच्या कपाटांत नव्हे.

माझी मागणी थोडी आहे. सगळे नियम नकोत. एक घाट, चार पात्रें आणि एका संध्याकाळीं संपेल एवढा प्रसंग द्यावा. वर “कच्चा मसुदा” असें ठळक लिहावें, म्हणजे अपकीर्तीचें भय उरणार नाहीं. सूचनांना मुदत घालून प्रश्न पांचच विचारावे, म्हणजे त्यांचा पूर आवरेल. ज्या वाचकांच्या घरीं मुलें असें कांहीं रचीत असतील, त्यांनींही पहिला कागद मागून घ्यावा आणि जेवणानंतर खेळून पाहावा. नियम पुढेंही दुरुस्त करतां येतील. भाद्रपदानंतर मात्र आमच्या टेबलाशीं एक खुर्ची रिकामी असणार.