खर्जाचा कान

वाद्यवृंदात खर्जाच्या वाट्याला कौतुक फारसे येत नाही. व्हायोलिनची सुरावट श्रोते घरी घेऊन जातात. खालचा स्वर थांबला, म्हणजेच त्याची उणीव भासते. आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदाच्या बास गिटारविषयीची तक्रार मात्र उलट होती. ती थांबल्यावरच अधिक ऐकू येई. ख्रिस्तप्रसादानंतरच्या निःशब्द प्रार्थनेत स्पीकरमधून एक घुमणारी गुणगुण मंदिरभर पसरे.

"फादर, पिकअप बदलावे लागतील," आमचा तरुण वादक म्हणाला. पैसे होते ते मुलांनी नाताळात घरोघर कॅरल गाऊन जमवलेले. तेव्हा निवड विचारपूर्वक होणे अगत्याचे होते.

पिकअप हा गिटारचा कान. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. परंतु हा कान भोळा आहे. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते; भिंतीतील वीज 50 आवर्तनांनी धावते. तो दोन्ही सारख्याच निष्ठेने टिपतो.

गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडर यांनी 1951 साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. 1957 साली त्याच्या पिकअपचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकडा दोन तारांखाली, वेढे व चुंबक परस्परविरुद्ध. त्यामुळे बाहेरची गुणगुण आपोआप कटते आणि तारांचा स्वर तेवढा उरतो. 1960 च्या 'जॅझ बास'मध्ये दोन स्वतंत्र पिकअप आले. दोन्ही सारखे उघडे असले तरच तेथे ही वजाबाकी जुळते. एक कमी केला, की गुणगुण परतते. आमची गिटार याच दुसऱ्या घडणीची होती, आणि आमच्या वादकाला एकट्या ब्रिजकडील पिकअपचा ठसठशीत स्वर प्रिय होता. जाको पास्टोरियसचे वादन ज्याने मनापासून ऐकले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

खरेदीपूर्वी जोडण्या तपासाव्यात, असा मी आग्रह धरला. पुलाला जोडलेली अर्थिंगची तार पाहिली, आतील खोबणीला तांब्याचा पत्रा चिकटवला. खरखर गेली, घुमणे राहिले. विजेच्या यंत्रांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र असा पातळ पत्रा अडवू शकत नाही.

मग पर्याय तीन उरले. बॅटरीवर चालणारा प्रकार बाद झाला. नाताळच्या मध्यरात्री बॅटरी संपली तर धावायचे कोठे? दुसरा, त्याच जातीचा अधिक चांगला एकवेढी पिकअप. वादकाचे मन त्यावर होते, कारण त्याच्या वरच्या स्वरांना धार असते. तिसरा, बाहेरून त्याच मापाचा, पण आत विरुद्ध वेढ्यांच्या दोन गुंडाळ्या असलेला. विक्रेते रोधाचे आकडे सांगतात. परंतु वेढे वाढले, की जोर वाढतो आणि सहसा स्पष्टता घटते. मोठा आकडा म्हणजे उत्तम स्वर नव्हे. मापेही घ्यावी लागली, कारण मूळ घडणीत ब्रिजकडील पिकअप किंचित लांब असतो; नकला मात्र निरनिराळ्या मापांच्या निघतात.

एका बाजूला एका तरुणाचा आवडता स्वर, दुसऱ्या बाजूला साऱ्या मंडळीचे मौन. मी निर्णय दिला नाही. गुणगुणणारी गिटार चालू ठेवून रिकाम्या मंदिरात शेवटच्या बाकावर पाच मिनिटे बसायला मात्र त्याला सांगितले. उठला तेव्हा म्हणाला, "दोन गुंडाळ्यांचाच घेऊ."

किंचित धार गेली, हे तो आजही सांगतो, आणि ते खरे आहे. गिटारचे लाकूड कोठेही कोरलेले नाही. जुने पिकअप कापडात गुंडाळून गायकवृंदाच्या कपाटात ठेवले आहेत. उद्याच्या वादकाला हवे असतील, तर डाग देऊन पुन्हा बसवता येतील.