फोर्ट बेनिंगच्या फाटकापाशी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कोलंबस शहराला लागून फोर्ट बेनिंग हा लष्करी तळ आहे. त्यातल्या 'स्कूल ऑफ द अमेरिकाज'चं नाव मी मिडवेस्टमधल्या एका जेझुइट विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. लॅटिन अमेरिकेतल्या लष्करी अधिकाऱ्यांना तयार करणारी ही शाळा १९४६ मध्ये पनामात निघाली आणि १९८४ मध्ये इथे आली. पनामाचा नोरिएगा, अर्जेंटिनाचा गाल्तिएरी हे हुकूमशहा तिचेच विद्यार्थी.

१६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे एल साल्वादोरच्या सैनिकांनी राजधानीतल्या जेझुइट विद्यापीठात शिरून सहा धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. स्वयंपाकपाणी पाहणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची सोळा वर्षांची लेक सेलिना यांनाही सोडलं नाही. घराजवळ गोळीबार चालू होता म्हणून मायलेकी त्या रात्री तिथे मुक्कामाला आल्या होत्या. हे वाचल्यावर मला दुसरं काही सुचेना. या हत्याकांडात ज्या २६ जणांवर ठपका आला, त्यांतले १९ या शाळेत शिकलेले होते.

फादर रॉय बुर्जवा यांनी १९९० मध्ये या शाळेच्या विरोधात तळासमोर मूठभर लोकांसोबत उपोषण केलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात तिथे निदर्शनं होऊ लागली. २००६ च्या नोव्हेंबरात आमची बस पोहोचली तेव्हा रस्ता माणसांनी फुलून गेला होता. त्या काळी दरवर्षी विद्यार्थी, नन, माजी सैनिक, आजीआजोबा असे हजारोंनी यायचे. कुंपण ओलांडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हे संयोजकांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. मी व्हिसावरचा विद्यार्थी, त्यामुळे रस्त्यावरच थांबणार होतो. पण पांढऱ्या केसांच्या नन समजून उमजून ती शिक्षा भोगून आल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

रविवारी अंत्ययात्रेच्या चालीने मिरवणूक निघाली. मंचावरून मारल्या गेलेल्यांचं एकेक नाव गाऊन पुकारलं जाई आणि आम्ही हातातला क्रूस उंचावून 'प्रेझेंते' म्हणत असू, म्हणजे 'हजर'. माझा क्रूस म्हणजे पांढऱ्या रंगाच्या दोन अरुंद पट्ट्या. त्यावर काळ्या मार्करने लिहिलं होतं: 'एल मोझोते, १९८१. मूल, वय २ वर्षे.' एल मोझोते हे एल साल्वादोरमधलं गाव, तिथे लष्कराने गावकऱ्यांचं हत्याकांड केलं होतं. क्रूसावर मुलाचं नाव नव्हतं. मंचावरूनही अशी कितीतरी बिननावाची मुलं पुकारली गेली, आणि तेव्हा माझा आवाज फुटेना. फाटकाशी पोहोचलो तोवर कुंपणाची जाळी क्रूसांनी भरून गेली होती. मुश्किलीने एक फट सापडली.

२००१ मध्ये शाळेवरची पाटी बदलली आणि अभ्यासक्रमात मानवी हक्कांचे तास आले. पण छळ आणि हत्येची भलामण करणाऱ्या पुस्तिका इथे वापरल्या जात होत्या, हे खुद्द पेंटागॉनने १९९६ मध्ये उघड केलं होतं. त्याचा जाब कुणी द्यायचा? मेलेल्यांच्या घरच्यांना नव्या पाटीने काय मिळालं?

परतल्यावर आमच्यातल्या मतदार मुलामुलींनी आपापल्या खासदारांना फोन लावले. मी नंबर शोधून द्यायचो आणि काय काय सांगायचं ते लिहून द्यायचो. पुढच्या जूनमध्ये शाळेचा पैसा रोखण्याचा खासदार जिम मॅकगव्हर्न यांचा प्रस्ताव २०३ विरुद्ध २१४ मतांनी पडला. नोव्हेंबर आला तसे आम्ही पुन्हा गेलो, आणि या खेपेला दोन बस भरल्या.