दरीला कुठं म्हाईत हाय?

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. रिलीज कसाबसा पार पडला, मॅनेजरने मोठ्या मनाने शुक्रवारची सुट्टी दिली आणि आम्ही चौघं पुण्याहून भंडारदऱ्याला सुटलो. प्लॅन एकदम फिक्स. शुक्रवारी तलावाकाठी तंबू, शनिवारी सांधण दरी. एक्सेल शीटसुद्धा तयार होती. (हसू नका, तुम्हीही करता!)

शेंडी हे धरणाकाठचं छोटंसं गाव. चहाच्या टपऱ्या, दोन-चार हॉटेलं आणि पलीकडे १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणामागे पसरलेलं आर्थर लेकचं पाणी. ज्या दादांकडे आमची जेवणाची सोय होती, ते सांधणचं नाव ऐकताच म्हणाले, "आता नाय जायचं. पाऊस लागायच्या बेतात हाय."

आभाळात एक ढग नव्हता. मी हुज्जत घातली. पैसे भरलेत, सुट्टी पुन्हा मिळणार नाही, वगैरे वगैरे. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, दरीला तुमची सुट्टी कुठं म्हाईत हाय?"

मी जाम वैतागलो. समजूत काढायला म्हणून ते आम्हाला रात्री काजवे दाखवायला घेऊन गेले. गाडी लांब उभी करायला लावली, मोबाईलही खिशात. पाच मिनिटं काहीच नाही. मग एक झाड लुकलुकलं, पाठोपाठ शेजारचं, आणि बघता बघता अख्खा उतार! नर चमकून हाक देतो, मादी चमकून उत्तर देते. मध्ये आपला टॉर्च आला की ती हाक अर्ध्यातच राहते. पावसाआधीचे जेमतेम काही आठवडे असतात त्यांच्याकडे. डेडलाईन म्हणतात ती ही..

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस असा कोसळला की दहा फुटांवरचं दिसेना. आम्ही चौघंही गप्प.

त्यानंतर मी दादांना फोन करून विचारायला लागलो, "आता काय बघण्यासारखं आहे?" आधी उत्तर, मग सुट्टीचा अर्ज. ऑगस्टमध्ये रंधा धबधबा, लांबूनच, कठड्याच्या अलीकडून. सप्टेंबरच्या शेवटी कळसूबाई. १६४६ मीटर, शिड्या चढताना पार दमछाक, पण वाटेवर सोनकीची पिवळी फुलं इतकी की थांबायला निमित्त लागत नव्हतं. जानेवारीत तलावाकाठी तंबू. पहाटे पाण्यावर धुकं, हात चहाच्या ग्लासाला चिकटलेले. उजाडल्यावर रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन आणि पुढे रतनगड. माथ्यावरच्या नेढ्यात बसलो तेव्हा वारा अक्षरशः ढकलत होता.

आणि यंदा एप्रिलमध्ये दादांचाच फोन. "या आता. दरी मोकळी हाय."

साम्रदहून आत शिरलो. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांचे कातळ, मधे अरुंद फट, बाहेर रणरणतं ऊन आणि आत फ्रिजसारखा गारवा. सुरुवातीच्या डोहातलं पाणी कमरेला लागलं. सॅक डोक्यावर, मित्रांचा आरडाओरडा, नुसती धमाल.

पुढे एका वळणावर दादा थांबले आणि वर बोट केलं. दोन्ही कातळांच्या मध्ये झाडाचा एक ओंडका आडवा अडकला होता. आमच्या डोक्याच्या बराच वर.

"हा कुणी ठेवला इथे?" मी विचारलं. खरं तर विचारता विचारताच मला उत्तर कळलं होतं.

"पावसानं," दादा म्हणाले. "तुमची सुट्टी होती ना, त्याच दिसांत."

वरच्या पठारावरचं सगळं पाणी या एका फटीत उतरतं. जूनमध्ये मी याच जागी उभा असतो, एक्सेल शीटप्रमाणे, अगदी वेळेवर.

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. शेंडीला आल्यावर मी दादांना म्हटलं, "त्या वेळी भांडलो, सॉरी."

ते हसले. "भाकरी खाऊन जा. काजवे यायला अजून महिना हाय."